“अँब्युलन्स पाठवतोय”

मागच्या महिन्यात एका शनिवारी पहाटे साडेचारला फोन वाजला. आमच्याकडे या वेळेला दोनच प्रकारचे फोन येतात. एक म्हणजे सर्व्हर झोपलाय आणि क्लायंट जागा आहे. दुसरा प्रकार मी सांगायला नको. फोनवर नाव होतं कॉलेजच्या रूममेटचं. तो सध्या इंग्लंडात, रेडिंगला असतो. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते.

“अरे, बाळाला ताप आहे. १११ ला फोन केला होता. त्या म्हणाल्या अँब्युलन्स पाठवतोय. आईला फोन केला तर ती रडायला लागेल, म्हणून तुला केला.”

अँब्युलन्स येईपर्यंत आम्ही बोलत राहिलो. म्हणजे तो बोलत होता, मी “हं हं” करत होतो. आणखी काय करणार? बाळ सात महिन्यांचं. सकाळपर्यंत कळलं की साधा व्हायरल ताप आहे, औषध लिहून दिलं आणि घरी पाठवलं. सगळं ठीक. पण दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या म्हणतो, “एक सांगू का? फोनवरची बाई नर्स नव्हती. स्क्रीनवरचे प्रश्न वाचत होती. तुझ्यासारख्याच कोणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम असणार.”

हे जरा लागलं. त्यामुळे त्यानंतरचे दोन वीकांत मी हाच विषय वाचण्यात घालवले. फोनवरून, पेशंटला न बघता, हात न लावता, “तुम्ही आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा” हे कोणी आणि कशाच्या जोरावर ठरवायचं, असा तो विषय. वाचता वाचता लक्षात आलं की हा इतिहास आपल्या धंद्याच्या इतिहासासारखाच आहे. म्हणजे आधी माणूस, मग कार्ड, मग सॉफ्टवेअर आणि शेवटी पुन्हा माणूस.

सुरुवात फार जुनी आहे. टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. १८७९ सालच्या ‘लॅन्सेट’मध्ये एक किस्सा छापून आला होता. मध्यरात्री एका घरातून डॉक्टरांना फोन येतो. लहान मूल खोकतंय आणि घरच्यांना वाटतंय की क्रूप आहे. क्रूप म्हणजे घशाला सूज येऊन श्वास कोंडणं, त्या काळात जीवघेणा प्रकार. डॉक्टर म्हणतात, मुलाला फोनजवळ आणा आणि खोकू द्या. खोकला ऐकून ते सांगतात की हा क्रूप नाही. सगळे झोपायला जातात. फोनवरून दिलेल्या सल्ल्याची ही बहुधा पहिली छापील नोंद. यात डॉक्टरांनी “येतो” असं म्हटलं नाही, “यायची गरज नाही” असं म्हटलं. फोनवरच्या सल्ल्यातलं अवघड वाक्य हेच आहे. “या” म्हणायला फारसं काही लागत नाही.

दुसरी वाट इमर्जन्सी नंबरांची. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका डॉक्टरच्या घराला आग लागली आणि पाच बायका गेल्या. समोरच्या शेजाऱ्यानं फोन लावला होता, पण एक्स्चेंजनं त्याला बाकीच्या कॉल्सबरोबर रांगेत ठेवलं. त्यानं चिडून ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. हा नंबर फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. आपल्या भाषेत, प्रायॉरिटी क्यू. अमेरिकेत पहिला ९११ कॉल १९६८ साली अलाबामातल्या हेलीव्हिल नावाच्या छोट्या गावात लागला.

या नंबरांवरचा माणूस मात्र बराच काळ फक्त पत्ता लिहून घ्यायचा आणि गाडी पाठवायचा. सल्ला वगैरे काही नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी सॉल्ट लेक सिटीच्या फायर डिपार्टमेंटसाठी जेफ क्लॉसन नावाच्या डॉक्टरनं प्रश्नांची कार्डं तयार केली. छातीत दुखतंय? हे कार्ड काढा. पडला? ते कार्ड काढा. प्रत्येक कार्डावर विचारायचे प्रश्न, गाडी येईपर्यंत घरच्यांनी काय करायचं त्याच्या सूचना आणि गाडी किती घाईनं पाठवायची ते. साधारण त्याच सुमारास डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट आईबापांच्या फोनना उत्तर देणाऱ्या नर्सेससाठी असेच प्रोटोकॉल लिहीत होते. त्यांचं पुस्तक १९८० साली आलं. एकाची कार्डं गाडी पाठवण्यासाठी, दुसऱ्याची बहुतेकदा न पाठवण्यासाठी. पुढे हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले आणि गोंधळ तिथेच सुरू झाला.

गोंधळ म्हणजे काय, ते डॅलसला दिसलं. जानेवारी १९८४. डॅलसच्या फायर डिपार्टमेंटनं विनाकारण जाणाऱ्या अँब्युलन्स कमी करायला फोनवर नर्स बसवल्या होत्या. एका माणसानं आपल्या सावत्र आईसाठी फोन केला. तिला श्वास घेता येत नाहीये. नर्स म्हणाली, मला तिच्याशी बोलू दे. तो म्हणाला, तिला बोलता येत नाहीये. ती म्हणाली, का येत नाहीये? तो चिडला, शिवी दिली. ती शिवीवर अडली. अखेर अँब्युलन्स पोचली तेव्हा बाई गेलेल्या होत्या. फोनची टेप देशभर वाजली आणि सगळ्यांनी ठरवलं की नर्स दुष्ट.

चार वर्षांनी, १९८८ मध्ये, व्हेलन आणि झिमरमन वगैरे समाजशास्त्रज्ञांनी या एकाच फोनवर अख्खा पेपर लिहिला. ओळ न् ओळ तपासली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. फोन करणारा एका दुकानात आल्यासारखा बोलत होता. त्याला एक वस्तू हवी होती, अँब्युलन्स. नर्सला मात्र आधी माहिती हवी होती. तिचा प्रत्येक प्रश्न त्याला नकार वाटत होता आणि त्याचं प्रत्येक उत्तर तिला टाळाटाळ वाटत होती. दोघंही आपापल्या जागी ‘बरोबर’ वागत होते, आणि तरी सगळं फसलं. हे वाचताना मला सपोर्टचे किमान पन्नास कॉल आठवले. क्लायंट म्हणतो सिस्टिम चालू करा, आपण म्हणतो स्क्रीनशॉट पाठवा. आपल्याकडे कोणी मरत नाही, एवढाच फरक.

आता येऊ इंग्लंडकडे, कारण हा प्रयोग अख्ख्या देशभर करून बघितला तो त्यांनी. आणि शिस्तीत मोजूनही ठेवला.

१९९७ च्या डिसेंबरात ब्लेअर सरकारनं आरोग्यसेवेवरची श्वेतपत्रिका काढली आणि त्यात ‘एनएचएस डायरेक्ट’ची घोषणा केली. चोवीस तास, फोनवर नर्स. मार्च १९९८ मध्ये लँकेशर, मिल्टन कीन्स आणि नॉर्थंब्रिया या तीन ठिकाणी सुरुवात झाली आणि २००० साल संपायच्या आत सगळं इंग्लंड त्याखाली आलं. नंबर होता ०८४५ ४६४७. नर्सच्या समोर कॉम्प्युटर असायचा आणि त्यावर प्रश्न यायचे. पण नर्स ही नर्स होती. प्रोग्रॅम एक म्हणाला आणि तिला दुसरं वाटलं, तर निकाल बदलायची तिला मुभा होती.

आशा अशी होती की लोक उगाच कॅज्युअल्टीत गर्दी करतात ती कमी होईल. शेफील्ड विद्यापीठाच्या मुन्रो, निकल, ओ’कॅथेन आणि नोल्स यांनी २००० साली ‘बीएमजे’त पहिल्या वर्षाचा हिशोब मांडला. १३ लाख वस्तीतून सुमारे ६८,५०० कॉल. त्यातले ७२ टक्के ऑफिसच्या वेळेबाहेर, आणि २२ टक्के पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. (माझा मित्र एकटा नाही तर!) आणि परिणाम? कॅज्युअल्टी आणि अँब्युलन्सच्या आकड्यांत म्हणण्यासारखा काहीच फरक नाही. फक्त रात्री-अपरात्री जीपीकडे म्हणजे त्यांच्या फॅमिली डॉक्टरकडे जाणाऱ्या कामाची वाढ थांबली.

त्याच गटानं नंतर आणखी एक गमतीदार गोष्ट तपासली. तेच काल्पनिक पेशंट वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या नर्सेसपुढे ठेवले. उत्तरं वेगवेगळी आली! तोच पोटदुखीवाला एकीकडे “घरीच थांबा” आणि दुसरीकडे “डॉक्टरला भेटा”. हे सगळे प्रोग्रॅम तज्ज्ञांनीच लिहिलेले होते बरं का.

मग नर्स महाग पडतात हे लक्षात आलं. २०१० पासून ‘१११’ नावाची नवी सेवा काही ठिकाणी सुरू झाली. तीन आकडी, फुकट, लक्षात राहणारा नंबर. यात फोन घेणारे हेल्थ ॲडव्हायझर, काही आठवड्यांचं ट्रेनिंग घेतलेले, वैद्यकीय शिक्षण नसलेले. अडलं तर मदतीला मागे नर्स किंवा पॅरामेडिक. आणि पुढ्यात ‘एनएचएस पाथवेज’ नावाचं सॉफ्टवेअर.

या पाथवेजची रचना आपल्यापैकी कोणालाही चटकन कळेल. तो “तुम्हाला काय झालंय?” याचं उत्तर शोधतच नाही. रोगाचं निदान करणं त्याचं कामच नाही. तो वरून खाली एकेक वाईट शक्यता खोडत जातो. श्वास घेतोय का? शुद्धीवर आहे का? खूप रक्त जातंय का? सगळ्यात भयंकर गोष्टी आधी, मग जरा कमी भयंकर. जी शक्यता खोडता आली नाही तिथे गाडी थांबते आणि एक निकाल मिळतो: अँब्युलन्स, एका तासात कॅज्युअल्टी, सहा तासांत डॉक्टर, घरीच काळजी वगैरे. मित्राला विचित्र वाटलेले प्रश्न हेच. बाळाला ताप आहे म्हणून फोन केला, आणि बाई विचारतेय की ते निळं पडलंय का.

आता फोन घेणाऱ्याकडे स्वतःचा अनुभव नसेल तर “मला नाही वाटत एवढं काही असेल” असं म्हणायची सोय राहत नाही. मग प्रोग्रॅमलाच सावध राहावं लागतं. थोडं गणित करू. हे आकडे माझे, समजण्यापुरते. हजार फोन आले, त्यातले पाच खरोखर जिवावरचे. प्रोग्रॅम ते पाचही पकडतो आणि उरलेल्या ९९५ पैकी ९० टक्क्यांना बरोबर “काही नाही” म्हणतो. ऐकायला झकास! पण उरलेले १० टक्के म्हणजे जवळजवळ शंभर जण. म्हणजे १०५ अँब्युलन्स सुटल्या, त्यातल्या पाच गरजेच्या. रात्रीची अलर्ट ड्यूटी केलेल्या कोणालाही हे नवीन नाही. फक्त आपण थ्रेशोल्ड वाढवतो आणि पुन्हा झोपतो. इथे थ्रेशोल्ड वाढवायचा म्हणजे पाचातला एक सोडून द्यायचा.

शेफील्डच्याच टर्नर वगैरे मंडळींनी २०१३ मध्ये १११ च्या पहिल्या वर्षाचा अभ्यास छापला. जिथे ही सेवा सुरू झाली तिथे अँब्युलन्सच्या फेऱ्या सुमारे ३ टक्क्यांनी वाढल्या. ३ टक्के छोटे वाटतात, पण ही सेवा भार कमी करायला आणली होती. तरीही २०१३ मध्ये, ईस्टरच्या लांब सुट्टीच्या तोंडावर, ती देशात बऱ्याच ठिकाणी सुरू झाली. (लाँग वीकेंडला गो-लाइव्ह! कोणाच्या डोक्यातून आलं असेल?) फोन उचलले जाईनात, लोक कंटाळून ठेवून द्यायला लागले. ४६ पैकी ११ विभागांचं काम एनएचएस डायरेक्टनंच घेतलं होतं. जुलैत त्यांनी सांगितलं की हे आम्हाला परवडत नाही, आणि मार्च २०१४ अखेर ती संस्थाच बंद झाली.

२०१५ साली अँडरसन आणि रोलंड यांचा एक छोटा अभ्यास आला. माझ्या मते या सगळ्यातला हा सर्वात बोलका. केंब्रिजशरमध्ये १११ नं ज्यांना कॅज्युअल्टीत जायला सांगितलं, त्यांना निघण्याआधी एका जीपीनं फोन केला. असे १,४७४ जण. डॉक्टरशी बोलल्यावर त्यातल्या फक्त २७ टक्के लोकांना कॅज्युअल्टीची गरज आहे असं ठरलं. म्हणजे चारातले जवळजवळ तीन उगाच निघाले असते.

हे वाचल्यावर मी मित्राला मेसेज टाकणार होतो, “तुझं बरोबर होतं.” टाकला नाही, कारण पुढचा पीडीएफ उघडला.

डिसेंबर २०१४. कॉर्नवॉलमध्ये एक वर्षाचा मुलगा. काही महिने खोकला, डॉक्टरांकडे बऱ्याच फेऱ्या. आदल्या दिवशी आईनं १११ ला फोन केला. प्रश्न विचारले गेले, उत्तरं दिली गेली. अँब्युलन्सपर्यंत प्रकरण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मूल गेलं होतं. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात भिनून सगळं शरीर कोसळणं. जानेवारी २०१६ मध्ये चौकशीचा अहवाल आला. चुका फक्त १११ च्या नव्हत्या, आधीच्या डॉक्टरांच्याही होत्या. पण पाथवेजबद्दल अहवालात स्पष्ट म्हटलंय की सेप्सिसची धोक्याची चिन्हं पकडायला हे साधन फार ढोबळ आहे. तापमानात होणारा चढउतार फोन घेणाऱ्याला महत्त्वाचा वाटला नाही. आणि फोनच्या मागे मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता. डॉक्टरनं तो ऐकला असता तर त्याला बहुधा काहीतरी वेगळं जाणवलं असतं, असंही त्यात आहे. आरोग्यमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि चहा करायला उठलो.

कारण १,४७४ मधले ते जे हजारेक जण, त्यांच्यातला प्रत्येक जण उगाच निघाला हे आपल्याला नंतर कळतं. आणि कॉर्नवॉलचं मूल निघायला हवं होतं हेही नंतरच कळतं. फोन चालू असताना दोन्हीकडचं पालक सारखंच बोलत असतं. “ताप आहे, रडतोय, नेहमीसारखा नाही वाटत.”

अशी घटना घडली की काय होतं हे आपल्याला माहीतच आहे. प्रॉडक्शनला बग आला की एक इफ कंडिशन वाढते. पाथवेजमध्येही सेप्सिसच्या प्रश्नांची भर पडली, आणि पडायलाच हवी होती. पण हे फक्त एका दिशेनं घडतं. एक मृत्यू झाला की प्रश्न वाढतो. उगाच गेलेल्या हजार अँब्युलन्समुळे एखादा प्रश्न काढून टाकलाय, असं मला तरी कुठे सापडलं नाही. आणि त्या हजार गाड्या फुकट नसतात. त्यातली एखादी जेव्हा कोणाच्या तरी घरासमोर उभी असते, तेव्हा तीन मैलांवर एखाद्या आजोबांच्या छातीत दुखत असतं आणि त्यांची गाडी उशिरा येते. त्यांच्या अहवालात १११ चं नाव कधीच येत नाही. एका चुकीला चेहरा असतो, आईची मुलाखत असते. दुसरी चूक सरासरी वेटिंग टाइममध्ये विरघळून जाते.

इंग्लंडनं यावर काढलेला तोडगा म्हणजे पुन्हा माणूस. २०१३ च्या शेवटी ब्रूस कीओ यांच्या अहवालानं सुचवलं की १११ च्या मागे जास्त डॉक्टर-नर्स बसवा. नंतरच्या काही वर्षांत निम्म्या कॉलमध्ये तरी कोणीतरी वैद्यकीय माणूस बोलावा असं उद्दिष्ट ठेवलं. फार तातडीचा नसलेला अँब्युलन्सचा निकाल आला, तर गाडी सोडण्याआधी क्लिनिशियननं पुन्हा बोलून खात्री करायची पद्धतही आली. थोडक्यात, १९९८ साली जी नर्स फोन उचलायची, ती आता दुसऱ्या खोलीत बसलीय. आणि मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा एका महिन्यात जवळजवळ ३० लाख कॉल आले. तेव्हा ना प्रोग्रॅम पुरला ना नर्स. लोकांना फोनच लागेना.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे काय? आपल्याकडे फॅमिली डॉक्टर काकांचा लँडलाइन नंबर कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असायचा. ते “उद्या सकाळी आणा” म्हणाले की घर झोपायचं. त्यांनी आपल्याला लहानपणापासून पाहिलेलं असायचं, हाच त्यांचा डेटाबेस. हेल्पलाइनच्या बाबतीत पहिलं पाऊल हैदराबादनं टाकलं. १५ ऑगस्ट २००५ ला १०८ अँब्युलन्स, आणि २००७ मध्ये सल्ल्यासाठी १०४. दोन्हीमागे सत्यमच्या रामलिंग राजूंच्या कुटुंबाचा पुढाकार होता. म्हणजे आयटीवाल्यांनी यात हात घालायची आयडिया काही नवीन नाही. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण या सेवा टिकल्या, दुसऱ्यांनी चालवल्या. महाराष्ट्रात १०८ आली ती २०१४ मध्ये.

आपला प्रश्न इंग्लंडच्या थोडा उलटा आहे. तिकडे लोक १११ चा सल्ला ऐकून अँब्युलन्सनं जातात. इकडे लोक शेजाऱ्याच्या रिक्षातून आधी जातात आणि सल्ला तिथे गेल्यावर विचारतात. सल्ला देणारा नंबर आहे हेच कित्येकांना माहीत नसतं. हे लिहिताना मी टीममधल्या सात जणांना विचारलं. १०८ सगळ्यांना माहीत होता. १०४ दोघांना, त्यातल्या एकाला वाटलं तो फक्त रक्तासाठी आहे.

शेवटी मित्राला हे सगळं जमेल तसं लिहून पाठवलं. केंब्रिजशरही आणि कॉर्नवॉलही. दोन दिवस उत्तर नाही. मग रात्री मेसेज आला: “तुला एक सांगायचं राहिलं. तिनं सगळे प्रश्न वाचून झाल्यावर मला विचारलं, बाळ आत्ता रडतंय का? मी हो म्हणालो. ती म्हणाली, फोन जरा त्याच्याजवळ धरा. मी धरला. ती पंधरा-वीस सेकंद काही बोललीच नाही. मग म्हणाली, अँब्युलन्स पाठवतोय.”

हा प्रश्न स्क्रीनवर होता की तिचा तिनं विचारला, हे त्याला माहीत नाही. मलाही नाही.

१०८ च्या आतलं कामकाज कसं चालतं यावर पुढच्या एखाद्या वीकांताला. तिथे काम केलेलं कोणी वाचत असेल तर जरूर कळवा.